दातांनी ऐकलेली जवारी

‘विरजण’ हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो, “झालं! आता पोरीच्या बारावीवर विरजण पडलं.” घरात कुणी हसलं नाही. माझ्या विनोदांना आमच्या घरात कधीच कुणी हसत नाही, त्याचं मला काही नाही. पण त्या विनोदाची मला पुढे फार लाज वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी दस्तगीर शिकलगार. मिरजेत तंबोरे करतो. आमच्या घरात हे काम चार पिढ्यांचं. ही गोष्ट २०३९ सालची. घरात आम्ही दखनी बोलतो. इथे सगळं मराठीत लिहिलं आहे. चुका माझ्या मुलीनं, तहसीननं काढल्या आहेत. उरल्या असतील त्या मी नंतर तिच्या नकळत घातलेल्या.

तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, नक्षी हे सगळं शिकवून येतं. शिकवून येत नाही ती जवारी, असं आमच्याकडे म्हणतात. तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो कानशीनं किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि दर टेकण्यातून बारीक बारीक वरचे स्वर निघतात. एका तारेतून दहा तारा बोलल्यासारख्या वाटतात ते यामुळे. उतार केसाएवढा चुकला की तार एकतर मुकी होते, नाहीतर कचकच करते.

जवारी लावताना आम्ही पडदा ओढून बसतो. आजोबांनी ही चाल पाडली. दुसऱ्या कारागिरानं हात चोरू नये म्हणून. वडिलांनी मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आत घेतलं. मी मात्र कुणालाच आत घेतलं नव्हतं, आणि त्याचं कारण चोरी नव्हतं. सहा वर्षांपासून माझा डावा कान बंद झाला होता, उजवा निम्मा उरला होता. मी शिसवीची एक पातळ पट्टी दातात धरून तिचं दुसरं टोक घोडीला टेकवायचो आणि त्यावर जवारी लावायचो. ती लागायची, झकास लागायची. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे तंबोरा कोण टाकणार? पडदा उघडला असता तर माझं बहिरेपण उघडं पडलं असतं. न उघडावा तर हा हात माझ्याबरोबर मातीत जाणार होता. मी न उघडणं पत्करलं होतं.

आता त्या विरजणाविषयी. ते एक नवं समाजमाध्यम होतं. कॉलेजातल्या मुली त्यावर असतात म्हणून तहसीन त्यावर गेली. जेवताना मी विचारलं, “काय असतंय त्यात?”

“अब्बा, आपल्याला जे येतंय ते तिथं लिहायचंच नाही. जिथं अडलंय तेवढंच लिहायचं.”

“मग लोक हसणार.”

“लोक नसतातच. एकच माणूस असतो.”

तिनं नंतर वहीवर आकृत्या काढून मला समजावलं. मला समजलं ते असं. जुनी समाजमाध्यमं सारख्याला सारखं जोडायची. तुम्हाला क्रिकेट आवडतं, घ्या आणखी हजार क्रिकेटवाले. त्यातून गोंगाट वाढला, विचार वाढला नाही. मग काही संशोधकांच्या लक्षात आलं की माणूस न समजलेल्या गोष्टीबद्दल लिहितो तेव्हा तो तिच्याभोवती फिरतो. माळावर पाऊलवाटा कुठे वळतात त्यावरून विहीर कुठे आहे ते न बघता सांगता येतं, तसं त्याच्या शब्दांच्या वाटांवरून मधल्या रिकाम्या जागेचा आकार काढता येतो. त्यांनी तसं गणित बसवलं. मग विरजणाचं यंत्र अख्ख्या जाळ्यात असा एकच माणूस शोधतं, की त्याच्या वाटा तुमच्या रिकाम्या जागेतून जातात आणि त्याची रिकामी जागा तुमच्या वाटांवर पडते. दोघांनाही एकमेकांची गरज असते. सुरुवातीला नावं कळत नाहीत. किती जणांना आवडलं याचा आकडा नाही, अंगठा नाही. आणि लिहिलेलं उत्तर तीन दिवस जात नाही. ते तिथेच राहतं, दह्यासारखं लागतं. हलवायचं असेल तर हलवा, बदला, फाडा. तीन दिवसांनी जे उरेल ते जाईल.

“तीन दिवस?” माझी बायको शमीम म्हणाली. “तेवढ्यात दही आंबतंय.”

पण पोरगी बदलली, हे मला कबूल करावं लागेल. आधी तिचा अंगठा दिवसभर काचेवर सरकत असायचा. आता ती भिंतीकडे बघत बसायची. एकेक उत्तर दहा-अकरा वेळा लिहायची. पावागडाजवळच्या कुणा कुंभाराच्या मुलाला मडक्याच्या तडकण्याबद्दल उत्तर द्यायचं म्हणून तिनं आठवडाभर माझे रद्दी भोपळे उन्हात-सावलीत ठेवून बघितले. मला विचारायची, “अब्बा, भोपळा वाळवताना तोंड खालीच का?” मी सांगायचो, “तसंच ठेवतात.” त्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. चाळीस वर्षांत मला कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण तिचा एकेक प्रश्न पडद्याच्या जवळ सरकत होता, आणि मी चिडायला लागलो.

मार्चमधला एक रविवार. मी दांडीला पॉलिश करत होतो. तहसीन समोर येऊन उभी राहिली तेव्हा मला कळलं की ती मघापासून हाका मारत असावी. तिनं टॅब माझ्या हातात दिला. वर तिनं महिन्यापूर्वी लिहिलेलं होतं:

“माझ्या ओळखीचे एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात. त्यांच्यासारखी जवारी गावात कुणाची नाही. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं थोडंच येतं. हाक मारली तर वळत नाहीत. तरी तारेतला केसाएवढा दोष त्यांना कळतो. ते लाकडाची पट्टी दातात धरतात, हे मी पाहिलं आहे. दातांना हे कसं कळतं, इथे मी अडले आहे.”

खाली उत्तर होतं:

“तुमच्या कारागिरांचा कान मेलेला नाही. हवेतून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर पडतो आणि तीन इवल्या हाडांवरून आतल्या शंखापर्यंत पोचतो. त्यातलं एक हाड घट्ट झालं की तो रस्ता बंद. पण शंख शाबूत असेल तर कवटीच्या हाडातून आलेला कंप त्याला ऐकू येतोच. आमचे जुने फिटर पेचकसाचं टोक यंत्राला लावून मूठ कानामागच्या हाडावर टेकवतात, तसंच हे. त्यांना कान तपासायला सांगा. बहुतेक उपाय आहे. आता माझं ऐका. मी साक्रीजवळच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती तपासते. एका चक्कीच्या पात्यात आतून चीर आहे असं मला वाटतं. मोजणीयंत्र म्हणतं तो वाऱ्याचा गोंगाट आहे, आणि गाळून टाकतं. यापूर्वी दोनदा मी चक्की थांबवायला लावली आणि काहीच निघालं नाही. आता साहेब म्हणतात, कारण द्या नाहीतर सही करा. शुक्रवारी सही करायची आहे. त्या चक्कीखालून आमच्या पाड्याच्या बायका पाण्याला जातात. चिरेचा आवाज गोंगाटातून वेगळा कसा ओळखायचा, इथे मी अडले आहे.”

मी वर बघितलं. तहसीन म्हणत होती, “अब्बा, मला अर्धंच येतंय. पट्टी कुठली, कुठं टेकवायची, चीर कशी कळते, ते तुम्हालाच माहीत. उद्या संध्याकाळपर्यंत लिहिलं तरच तिला गुरुवारी मिळंल.”

“तू पडद्याआड बघितलंस?”

“दोन वर्षांपूर्वी. पडद्याला भोक हाय.”

“आणि जगभर सांगत सुटलीस!”

“जगभर नाही. एका बाईला. तिला तुमचं नाव पण माहीत नाही.”

“बंद कर ते. आत्ताच्या आत्ता बंद कर!”

मी किती मोठ्यानं ओरडलो ते मला कळलं नाही. बहिऱ्या माणसाची ती अडचण असते. शेजारच्या दुकानातून माणूस डोकावला, त्यावरून अंदाज आला. तहसीननं टॅबवर बोट फिरवलं, “केलं,” म्हणाली आणि आत गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा अगदी कोरा होता.

शमीम माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. “मला पण माहीतय,” ती म्हणाली.

“काय?”

“सहा वर्षं झाली मी तुमच्या उजव्याच बाजूला बसते. ते काय वारा लागतोय म्हणून?”

सगळ्या घराला माहीत असलेलं गुपित मी सहा वर्षं घरापासूनच लपवत होतो. असा शहाणा माणूस मिरजेत दुसरा नसेल.

सोमवारी सकाळी मी पडदा ओढून नव्या भोपळ्यांची परीक्षा घ्यायला बसलो. भोपळ्यात कधी कधी डोळ्यांना न दिसणारी चीर असते. ती आधी शोधावी लागते, नाहीतर वर्षभराचं काम फुकट जातं. पट्टी दातात, दुसरं टोक भोपळ्यावर, आणि बोटानं टिचकी. पहिला भोपळा घुमला. दुसरा घुमला. तिसऱ्यात मध्येच एक खर, म्हणजे बारीक खरखर, लागली आणि मी सवयीनं तो बाजूला ठेवला. मग माझा हात तसाच थांबला. त्या साक्रीच्या मुलीला एवढंच तर हवं होतं. मी रोज सकाळी जे विचार न करता करतो त्यावाचून एक मुलगी सही करणार होती, आणि त्या पात्याखालून बायका पाणी आणणार होत्या. आणि मी काय जपत होतो? माझी ऐट.

मी तहसीनच्या खोलीत गेलो. “लिही.”

“बंद केलंय ना.”

“उघड मग!”

“बंद केलंच नव्हतं, अब्बा. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ‘केलं’ म्हणाले, एवढंच.”

या पोरीला मार द्यावा की मिठी मारावी ते मला कळेना. दोन्ही राहिलं, कारण तिनं लगेच प्रश्न सुरू केले. मी म्हणालो, “चीर असली की खर लागतीय, लिही.” ती म्हणाली, “जवारीत पण खर असतीयच की. मग फरक काय?” मी म्हणालो, “कळतोय.” ती म्हणाली, “तिला कसा कळंल?” मी चिडलो, उठलो, परत बसलो. तिनं पेन खाली ठेवलं नाही. अर्ध्या तासानं मी म्हणालो, “जवारीची खर चालती असती. जाड आवाजाकडून बारीक आवाजाकडं सरकत सरकत विरती. चिरेची खर जागा सोडत नाही.”

तिचे डोळे मोठे झाले. “बरोबर!” ती म्हणाली. “घोडीला उतार असतोय ना अब्बा. तार शांत होत जाती तशी तिची टेकायची जागा सरकती, म्हणून स्वर सरकतात. चिरेचे दोन ओठ मात्र एकाच जागी मिटतात आणि उघडतात. ते सरकणार कुठं?”

चाळीस वर्षं जे माझ्या हातांना आणि सहा वर्षं माझ्या दातांना माहीत होतं ते त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या डोक्याला कळलं. सांगितलं माझ्याच सतरा वर्षांच्या मुलीनं, जिला मी कधी पडद्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी खोलीबाहेर गेलो.

उत्तर सहा वाजता गेलं, म्हणजे लागायला ठेवलं गेलं. पाती थांबवून जखडा, तिन्ही पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या डब्यात उतरा, पात्याच्या मुळाशी सुक्या कठीण लाकडाची पट्टी टेकवा, दुसरं टोक दातात धरा, रबरी हातोड्यानं ठोका. पहिल्या दोन पात्यांचा कंप सरकत विरतो का बघा, मग तिसऱ्याचा बघा. तीन दिवस तहसीन ते उत्तर रोज वाचायची, एखादा शब्द बदलायची. मीही वाचायचो. “कठीण लाकूड” याऐवजी “सागवान चालेल, आंबा नको” हे मी घातलं. मला हा तीन दिवसांचा नियम पटला. त्या दुपारी मी चिडत चिडत सांगितलेलं उत्तर पहिल्याच दिवशी गेलं असतं तर ते त्या मुलीला शिवीसारखं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी फोन आला. दोघींची उत्तरं पोचल्यावर नावं उघडतात. तिचं नाव होतं वनिता वळवी, वय वीस. तहसीननं फोन माझ्या उजव्या कानाला लावला.

“काका, मी वनिता. पट्टी चावून चावून दात दुखताहेत माझे!”

“सापडली का?”

“पहिली दोन पाती तुम्ही म्हणालात तशीच बोलली, सरकत गेली. तिसऱ्यात खर जागेवरून हलेचना. मी सही केली नाही. साहेबांना म्हटलं, उघडा, नसेल तर मला काढून टाका. वरचा थर कापला, तर आत कोपरापासून बोटांपर्यंत लांब चीर! साहेब विचारतात, कुठल्या यंत्रानं शोधलं? मी म्हटलं, दातांनी. आधी त्यांना थट्टाच वाटली.” ती हसली, आणि मग तिचा आवाज बारीक झाला. “काका, माझी आई पण त्याच वाटेनं पाण्याला जाते.”

फोन तहसीनकडे दिला.

वनितानं सांगितलं होतं तसा मी कान तपासून घेतला. तिसरं हाड घट्ट झालं होतं, शंख ठणठणीत. पाऊण तासाचं ऑपरेशन झालं. कानावरची मलमपट्टी काढली त्या दिवशी मला कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मी दचकलो. शमीमचा आवाज मला वाटत होता त्यापेक्षा गोड निघाला. हे मी तिला सांगितलं नाही, सांगितलं तर भाव खाईल. साक्रीच्या पठारावर एक मुलगी होती म्हणून मला माझ्या बायकोचा आवाज परत मिळाला. रोज नमाजानंतर दुआ मागताना मी वनिताचं नाव घेतो. ते जाळं कुणी बांधलं ते मला ठाऊक नाही, पण त्यांचंही भलं व्हावं म्हणतो.

इतकं सगळं होऊनही एक गोष्ट राहिली होती. मी तहसीनला पडद्याआड बोलावलं नव्हतं. मनात रोज यायचं. पण ती आता वनिताबरोबर कंपनांचा अभ्यास करत होती, दोघी मिळून काय काय लिहीत होत्या. तिला घोडी घासत बसायला आवडेल का? आणि मी तिच्यावर ओरडलो होतो ते तसंच राहिलं होतं. आमच्यात शुक्रिया परक्याला म्हणतात. माफी तर कुणी मागतच नाही. आम्ही दोघं जेवताना एकमेकांशी फार अदबीनं बोलायला लागलो होतो, आणि शमीम आम्हाला बघून कपाळावर हात मारायची.

शेवटी मी स्वतः विरजणावर गेलो. एका बोटानं दोन दिवस टाइप केलं:

“एका माणसाचं गुपित त्याच्या मुलीनं दोन वर्षं सांभाळलं. ते तिनं त्याच्याच भल्यासाठी उघडलं, तेव्हा तो तिच्यावर ओरडला. आता त्याला तिचे आभार मानायचे आहेत आणि आपलं काम तिच्या हातात द्यायचं आहे. तिला ते नको असेल तर काय करावं या भीतीनं तो तोंड उघडत नाही. सुरुवात कुठून करावी, इथे मी अडलो आहे.”

चार दिवस काही नाही. मी म्हटलं, विरजणावरच्या चाळीस लाख माणसांत माझ्यासारखा दुसरा मूर्ख नसणार. पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी पडद्याआड बसलो असताना फोन वाजला. यंत्रानं माझ्यासाठी माणूस शोधला होता. नाव अर्थातच नव्हतं. मजकूर एवढाच होता:

“एक काम मी चोरून पाहिलं आहे आणि आता मला तेच आयुष्यभर करायचं आहे. ते ज्यांचं आहे त्यांना ‘मला शिकवा’ म्हणायला मी दोन महिने अडले आहे. ज्यांचं गुपित फोडलं त्यांच्याकडेच त्यांचा हात कसा मागायचा?”

मी ते दोनदा वाचलं. त्याच वेळी भिंतीपलीकडे तहसीनचा फोन वाजला. माझा नवा कान चांगला आहे. तिनं खुर्ची मागे सारल्याचा आवाज मला आला, आणि मग काहीच नाही. ती वाचत होती. चाळीस लाख माणसांतून त्या यंत्रानं मला पलीकडच्या खोलीत पाठवलं होतं.

नियमाप्रमाणे उत्तर तीन दिवस लागायला हवं होतं. नियम चांगला आहे, हे मी वर लिहिलंच आहे. पण दोन वर्षं लागलेल्या दह्याला आणखी तीन दिवस कशाला?

“तहसीन!”

“आले, अब्बा.”

ती आली आणि पडद्याच्या अलीकडे थांबली. मी पडदा सारला, उठलो आणि माझी बैठक तिच्यासाठी मोकळी केली.

“बस. इथं, माझ्या जागेवर. ओरडलो ते चुकलं माझं.”

ती बसली. मी पट्टी धुतली, पुसली आणि तिच्याकडे दिली.

“दातात धर. घट्ट नको. आता तार छेड, आणि काय ऐकू येतंय ते मला सांग.”